ट्रॅक्टरला विमानाचे दिवे

आमच्या ट्रॅक्टरचे हेडलाइट म्हणजे देवघरातली समई. पुढं खड्डा आहे हे डोळ्यांना नाही, कमरेला कळायचं. म्हणून यंदा उसाच्या हंगामाआधी एलईडी बसवायचं ठरवलं. जुना बल्ब काढायचा, नवा लावायचा, अर्ध्या तासाचं काम. असं मीच म्हणालो होतो.

घात केला भाच्यानं. तो संभाजीनगरला विमानदुरुस्ती शिकतो. अमोल यादवांनी कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर विमान बांधलं हे कळल्यापासून त्याला आमच्या गोठ्यापुढंही रनवे दिसतो.

"मामा, करायलाच लागलात तर नीट करू. विमानाला डाव्या पंखावर लाल, उजव्यावर हिरवा, शेपटीला पांढरा दिवा असतो. अंधारात नुसत्या रंगावरून कळतं, ते कुठं चाललंय."

आबा बाजेवरून ऐकत होते. "अन् नुसता हिरवाच दिसला तर?"

"तर ते तुमच्या उजव्या हाताला चाललंय, आबा."

आबांनी मान डोलावली. ती मान मी तेव्हाच ओळखायला पाहिजे होती.

मडगार्डवर लाल-हिरवे चढले. (आरटीओसमोर जायची वेळ आली नाही, देवाची कृपा.) मग इंडिकेटर. तो टिक... टिक करायचं सोडून टिकटिकटिकटिक करायला लागला, जसं ट्रॅक्टरला कळ लागलीय अन् संडास सापडंना. अंबाजोगाईचा मिस्त्री म्हणाला, "फ्लॅशर, म्हणजे इंडिकेटरची उघडझाप करणारी डबी, जुना आहे. त्याला 21 वॅटच्या बल्बची सवय. तुमचा एलईडी खायलाय दोन-तीन वॅट. त्याला वाटायलंय, बल्ब उडाला." म्हणजे आम्ही नवा दिवा लावला अन् फ्लॅशर सुतक पाळत बसला! उपाय काय, तर रेझिस्टन्स लावा. वाचवलेली वीज मुद्दाम जाळायची. तो रेझिस्टन्स असा तापला की शेजारच्या वायरीचं प्लास्टिक पाघळलं. वास स्वयंपाकघरात गेला, बायकोला वाटलं भाजी करपली, तिनं गॅस बंद केला. रात्री सगळ्यांनी कच्ची गवार खाल्ली. शेवटी इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर आणला. तो पहिल्याच दिवशी मिळत होता.

मग दिवे लावले की मडगार्डला बांधलेल्या ट्रान्झिस्टरवर परभणी आकाशवाणीची घरघर व्हायला लागली. भाचा खूश. "अस्संच होतं, मामा! स्वस्त एलईडीतलं सर्किट गोंगाट करतं. विमानाचा रेडिओही एएमवरच चालतो, घरी बांधलेल्या विमानात दिवा लावला की विमानतळाच्या टॉवरचं ऐकू येईना होतं." मला टॉवरचं काही नव्हतं, आबांचं होतं. वायरी एकमेकींत पिळल्या, गोंगाट अडवणाऱ्या फेराइटच्या मण्यातून ओवल्या, अर्थिंगचा गंजलेला बोल्ट घासला. तेव्हा कुठं बातम्या लागल्या.

त्या रात्री लाइट बाराला येणार होती. "मोटार चालू करून येतो," म्हणून निघालो. दोनला परतलो तर आबा बाजेवर जागेच.

"मोटार लागली का?"

"लागली की."

"शेत डाव्या हाताला. फाट्यावर वळलास तवा लाल दिसायला पाहिजे होता." आबांनी शांतपणे तंबाखू मळली. "मला हिरवा दिसला. ढाब्यावरचं मटण कसं होतं?"