गोदामाई वाचवा, पण फक्त रविवारी सकाळी

नाशिकला गोदावरी प्लास्टिकमुक्त करायची मोहीम काढताय? काढाच. सिंहस्थ तोंडावर आलाय, हौशे-गवशे तयार आहेत.

पहिलं काम फ्लेक्स. दहा बाय सहाचा तरी हवा. पॉलिस्टरच्या जाळीवर पीव्हीसीचा लेप. कुजतही नाही, भंगारवालाही घेत नाही. टिकाऊ काम.

जागा रामकुंडच. नासर्डी, वाघाडी या नाल्यांच्या मुखाशी चुकूनही जाऊ नका. शहरातलं प्लास्टिक तिथूनही गोदेत उतरतं हे खरं, पण तिथे वास येतो आणि फोटोत मागे देऊळ येत नाही.

तरी एखादा शहाणा म्हणेलच, नाल्याच्या तोंडावर तरंगता अडथळा बांधू. बांधा, पण प्रवाहाला काटकोनात, ताणून. तिरका बांधलात तर कचरा आपसूक एका काठाला सरकतो, तिथे घंटागाडी लावून दोन माणसं पंजाने उपसून मोकळी होतात. मग आपल्या पन्नास टी-शर्टवाल्यांनी करायचं काय? काटकोनात बांधला की मधोमध ढीग साचतो, पाणी खालून ओढ घेतं आणि पिशव्या बुडी मारून पलीकडे निघतात. रोज उपसायचं काम मात्र कुणाच्याच नावावर टाकू नका. पाणवेली अडकल्या की दोर आपणहून तुटेल.

बुधवारच्या बाजारात पिशव्या वाटायच्या तर त्या रंगीत, हलक्या, कापडासारख्या घ्या. शिवण नसते, कडा दाबून चिकटवलेल्या असतात. कोपऱ्याला काडी लावली तर सुताची राख होते, हिचा वितळून मणी होतो. पॉलिप्रॉपिलिन, म्हणजे प्लास्टिकच ते! त्यावर 'प्लास्टिक हटवा' छापून घ्या.

राज्यात बंदी २०१८ पासून आहे, पहिल्या गुन्ह्याला ५,००० रुपये दंड. तो कोथिंबिरीच्या जुडीमागे बसलेल्या मावशींना समजावून सांगा. पिशव्या पुरवणाऱ्या घाऊकवाल्याला कशाला त्रास?

गोळा झालेलं सगळं एकाच गोणीत कोंबा: निर्माल्य, द्रोण, दुधाच्या पिशव्या, गुटख्याच्या पुड्या. दुधाची पिशवी धुऊन वाळवली तर भंगारात जाते. कुजक्या झेंडूत लडबडली की तिला कुणी हात लावत नाही. पुडीचं तर बोलूच नका, चिकटवलेले थर सुटे करत कोण बसणार? वजन गाळासकट, निथळू न देता करा. पाणी फुकट मिळतं, बातमीत आकडा भरतो.

गोण्या घाटावर रचून ठेवा. गाडी सोमवारी येणार, असं सांगायचं. कुठला सोमवार, ते विचारू नये. पावसाळ्यात गंगापूर धरणाचा विसर्ग वाढला, पाणी घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला लागलं, की गोण्या आपोआप मार्गी लागतात. पुढे नांदूरमध्यमेश्वरचं पक्षी अभयारण्य आहे, २०२० पासून रामसर या पाणथळ जागांच्या जागतिक यादीत. तिथेही मोहीम घेता येईल. फ्लेक्स तोच चालेल, तोवर पोहोचलेला असेल.