हायड्रोजन किटचा हिशेब वॉटमध्ये मांडा

हायड्रोजन किट गाडीच्या विजेवर पाण्यातून हायड्रोजन-ऑक्सिजन वायू काढून इंजिनाला देतं आणि त्याने मायलेज वाढतं, असा दावा असतो. तुमच्या लेखात त्याला ‘काहींना फायदा होतो’ म्हणून सोडून दिलंय, ते पटलं नाही. किट 12 व्होल्टवर 15 अँपिअर घेत असेल तर ते झाले 180 वॉट. इंजिनावर फिरून वीज बनवणाऱ्या अल्टरनेटरची कार्यक्षमता 55 टक्के धरली तर इंजिनावर सव्वातीनशे वॉटचा भार पडतो. पाण्याचं विघटन करणारे सहा सेल (कप्पे) असलेल्या किटमधून मिनिटाला जेमतेम 1 लिटर वायू निघतो. तो जाळून मिळणारी उष्णता 115 वॉटच्या आसपास, आणि इंजिन त्यातली पाव वापरतं. म्हणजे सव्वातीनशे घालून तीस परत!

खरा धोका वेगळाच आहे. किटसोबत ऑक्सिजन सेन्सरच्या (धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या) वायरमध्ये जोडायची छोटी डबी देतात. ती ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या संगणकाला, खोटा सिग्नल देऊन पेट्रोल कमी करायला लावते. मायलेज थोडं वाढलंच तर ते तिच्यामुळे. मिश्रणात पेट्रोल कमी पडलं की धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला नायट्रोजन ऑक्साइड हे प्रदूषक वायू आवरत नाहीत, पुढे मिसफायरही (मिश्रण नीट न पेटणं) सुरू होतं. शिवाय बबलर (वायू पाण्यातून गाळणारी बाटली) नीट नसेल तर किटच्या पाण्यात मिसळलेल्या पोटॅशियम हायड्रॉक्साइड या क्षाराचे तुषार इनटेकमध्ये, म्हणजे इंजिनाच्या हवेच्या वाटेत, जातात आणि ॲल्युमिनियम खातात. किट बसवलं असेल तर आधी ती डबी काढा, मग त्याच पंपावर टाकी फुल करून, टायरमधली हवा सारखी ठेवून, किट चालू-बंद अशा तीन-तीन टाक्या मोजा.