‘वाटीखालचीच नस घ्या’ म्हणणाऱ्यांना

कोल्हापुरातल्या तालमींच्या आणि पेठांच्या फुटबॉल संघांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश फिरतो आहे: गुडघ्याचे एसीएल लिगामेंट (मांडीचे आणि नडगीचे हाड गुडघ्याच्या आतून बांधून ठेवणारा पट्टा) तुटले तर वाटीखालचीच ‘नस’ बसवून घ्यावी, मांडीमागची काढली तर पाय कायमचा कमजोर होतो, कृत्रिम दोरी तर सर्वांत उत्तम, आणि तीन महिन्यांत मैदानात उतरता येते.

मुळात यातली एकही ‘नस’ नाही. त्या कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या चिवट दोऱ्या आहेत. वाटीखालच्या कंडरेचा मधला तिसरा हिस्सा दोन्ही टोकांच्या हाडाच्या तुकड्यांसह काढतात, त्यामुळे तो बसवण्यासाठी हाडात पाडलेल्या बोगद्यात लवकर जुळतो, हे मान्य. पण ती मजबूत आणि मांडीमागची कच्ची, हे खरे नाही. मांडीमागच्या दोन कंडरा स्वच्छ करून, दुमडून, चार पदर शिवून जाडी मोजायला मापाच्या छिद्रातून ओवतात. जाडी ८ मिलिमीटरच्या खाली भरली तर पुन्हा तुटण्याची जोखीम वाढते. नीट ताणलेले असे चार पदर प्रयोगशाळेत ४,००० न्यूटनच्या (न्यूटन हे बलाचे एकक) आसपास ताण सोसतात, तर तरुणाचे मूळ लिगामेंट सुमारे २,१६०.

खरा फरक काढलेल्या जागेचा आहे. वाटीखालून कंडरा घेतलेल्यांत गुडघा टेकताना दुखण्याची तक्रार अधिक आढळते, आणि लाल मातीत गुडघ्यावरच ज्याची निम्मी कुस्ती चालते त्या मल्लाने हे आधी विचारात घ्यावे. मांडीमागची कंडरा बऱ्याच जणांत पुन्हा तयार होते. तरी गुडघा पूर्ण मिटताना जोर थोडा कमी राहू शकतो, म्हणजे पायाने पाय अडकवून ओढणाऱ्यालाही किंमत मोजावी लागतेच. वेगात वळणाऱ्या तरुण फुटबॉलपटूला मात्र मीही वाटीखालचाच पर्याय आधी विचारात घ्यायला सांगेन.

कृत्रिम दोरीबद्दल थोडक्यात: १९८० च्या दशकात कार्बन, डॅक्रॉन, गोअर-टेक्स असे सगळे कृत्रिम धागे वापरून झाले, झिजलेल्या तंतूंच्या कणांनी सांधे सुजले, दोऱ्या तुटल्या आणि त्या मागे पडल्या.

तीन महिन्यांचा दावा सर्वांत घातक आहे, कारण तोवर दुखणे थांबलेले असते, पण बसवलेल्या कंडरेत नवे रक्तपुरवठे रुजत असतात आणि ती पहिल्या दिवसापेक्षाही कमजोर असते. २०१६ सालच्या डेलावेअर-ऑस्लो अभ्यासात शस्त्रक्रियेनंतरच्या नवव्या महिन्यापर्यंत पुनरागमन लांबवलेल्या प्रत्येक महिन्यागणिक पुन्हा दुखापतीचे प्रमाण सुमारे ५१ टक्क्यांनी घटलेले दिसले, मग कंडरा कुठलीही असो.