छातीत दुखत असताना तो स्वतः गाडी चालवत गेला

न्यू जर्सीत येऊन मला बावीस वर्षं झाली. इथे आपल्यापैकी कुणाची पंचेचाळिशीत अँजिओप्लास्टी झाली की बोलणं ठरलेलं असतं: बैठं काम, भात, डायबेटीस, वडिलांनाही होतंच. ते खोटं नाही.

पण गेल्या महिन्यात नवऱ्याच्या मित्राला बघायला गेलो. पहाटे छातीत कळा येत असताना हा गडी बायकोला न उठवता एकटा गाडी चालवत इमर्जन्सीत गेला होता. मी रागावलेच. तर म्हणाला, "वहिनी, नऊ वर्षांचा असताना मला शिकायला नातेवाइकांकडे ठेवलं. तिथे दुसरी पोळी मागायची भीती वाटायची. कुणाकडे काही मागायची सवयच लागली नाही." त्याची बायको डबा उघडत होती. झाकण तसंच हातात धरून उभी राहिली. लग्नाला अठरा वर्षं झाली, तिने हे पहिल्यांदाच ऐकलं.

१९९५ ते १९९७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन दिएगोत एका अभ्यासासाठी १७ हजारांवर प्रौढांना बालपणातले मारहाण, हेळसांड, घरातलं व्यसन असे अनुभव विचारले होते. १९९८ साली पहिले निष्कर्ष आले. असे चार किंवा जास्त प्रकार ज्यांच्या वाट्याला आले, त्यांच्यात हृदयविकाराची शक्यता, काहीच न सोसलेल्यांच्या सुमारे दुप्पट होती. त्यात बहुतेक गोरे, शिकलेले, विमा असलेले लोक होते, आपल्यासारखे स्थलांतरित फार थोडे. पण लहानपणी सतत धास्तीत राहिलेलं शरीर इथलं काय नि सांगलीचं काय!

उलट परदेशात हे जास्तच भोवतं, असं माझं ठाम मत आहे. गावाकडे न सांगताही शेजारच्या काकू डोकावतात. इथे तोंडाने मागावं लागतं. रडलं की कुणीतरी जवळ घेतं, हे ज्याने लहानपणी अनुभवलंय तो रात्री दोन वाजताही फोन करतो. माझ्या आजीने मला ते दिलं, त्यात माझं कर्तृत्व काही नाही.

आणि आपण हे बोलत नाही. आईवडिलांबद्दल ब्र काढला तर पाप लागेल असं वाटतं. त्यांचीही ओढगस्त होती, मान्य. म्हणून मुलाला झालेलं दुखणं खोटं ठरत नाही.

आमच्या मंडळाच्या शिबिरात दरवर्षी साखर आणि बीपी तपासतात. यंदा मी कमिटीकडे आणखी एक टेबल मागितलंय, आडोशाला, दोन खुर्च्यांचं. समुपदेशन करणारी एक मराठी मैत्रीण बसायला तयार आहे. ज्यांना यायचंय त्यांनी मला नुसता मेसेज करा, कारण सांगू नका.