जुना मिक्सर, विजेचे बिल आणि सुरक्षितता : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

घरातील जुन्या उपकरणांविषयीच्या माझ्या लेखावर आपण खारघरहून सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, त्याबद्दल आभारी आहे. आपले म्हणणे थोडक्यात असे, की जुनी यंत्रे जपणे म्हणजे भावनेपोटी वीज वाया घालवणे. शिवाय ती धोकादायक असतात, त्यांची दुरुस्ती करणारे आता उरलेले नाहीत आणि म्हणून ती एक्स्चेंजमध्ये देऊन मोकळे व्हावे. आईंचा मिक्सर ठिणग्या टाकू लागल्यामुळे आपणही तेच करणार आहात. यातला विजेचा मुद्दा महत्त्वाचा असल्याने त्यापासूनच सुरुवात करतो.

विजेचा खर्च यंत्राच्या वयावर ठरत नाही. ते किती वॅटचे आहे आणि दिवसातून किती वेळ चालते, यावर ठरतो. छताचा जुना पंखा साधारण ७५ वॅट घेतो. तो रोज बारा तास चालला तर महिन्याला २७ युनिट होतात. तेवढ्याच वेळात ३० वॅटचा बीएलडीसी (कार्बन ब्रश नसलेल्या, कमी वीज घेणाऱ्या मोटरचा) पंखा अकराच्या आसपास युनिट घेतो. ठाण्याच्या दमट हवेत पंखा बंद राहतो असे महिने फारच थोडे, त्यामुळे पंख्यांच्या बाबतीत आपण म्हणता ते शंभर टक्के खरे आहे आणि आमच्या घरातले रोजच्या वापराचे पंखे म्हणूनच बदललेले आहेत. जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांना स्टार लेबल (वीजबचतीचे तारे दाखवणारी पट्टी) सक्तीचे झाले, हेही चांगलेच झाले. चोवीस तास चालू असणाऱ्या फ्रिजलाही हाच न्याय लागू होतो.

मिक्सरचे गणित मात्र अगदी वेगळे आहे. ५०० वॅटचा मिक्सर रोज पंधरा मिनिटे चालला तर महिन्याला पावणेचार युनिट लागतात. नवा मिक्सर वीस टक्के कमी वीज घेतो असे धरले तरी महिन्याकाठी एक युनिटसुद्धा वाचत नाही आणि तेवढ्यासाठी तांबे, पोलाद व प्लॅस्टिक यांचे चालते यंत्र मोडीत काढणे मला पटत नाही. इस्त्रीचेही तेच. घेतलेल्या विजेची उष्णता करणे एवढेच तिचे काम असल्यामुळे त्यात नव्या-जुन्याचा फरक थोडा. थर्मोस्टॅट नसलेली इस्त्री तापली की हाताने बंद करावी लागते, इतकेच.

सुरक्षिततेबद्दलची आपली काळजी रास्त आहे, परंतु तिचा रोख चुकीच्या वस्तूवर आहे असे मला वाटते. ठाण्यातल्या नौपाडा, चरई या भागांतील कित्येक जुन्या इमारतींत अजूनही अर्थिंग नसलेले दोन पिनांचे सॉकेट दिसतात. अशा बोर्डावर कालच आणलेला धातूचा गीझर लावला तरी तो जुन्या इस्त्रीइतकाच घातक ठरू शकतो. म्हणून आधी अर्थिंग तपासून घ्यावे, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवावा आणि जुन्या उपकरणाची कडक होऊन तडकलेली वायर व प्लग बदलावेत. एवढे केले की वयामुळे येणारा धोका बराचसा निघून जातो. आणि हे करायचे नसेल, तर नवे उपकरण आणूनही घर सुरक्षित होत नाही.

दुरुस्ती करणारे कमी झाले आहेत, हे मान्य. पण ते संपलेले नाहीत. वागळे इस्टेट ही एमआयडीसीच्या पहिल्या वसाहतींपैकी एक आणि एमआयडीसीची स्थापना १९६२ सालची. विजेच्या मोटर रिवाइंड करणारी, म्हणजे त्यांतली तार नव्याने गुंडाळून देणारी छोटी दुकाने त्या परिसरात अजूनही सापडतात. आमचा मिक्सर मध्यंतरी अडखळू लागला, तेव्हा तिथल्या कारागिराने तळाचे चार स्क्रू काढून मोटर उघडी केली. मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे कार्बनचे दोन्ही तुकडे झिजून नखाएवढे उरले होते, त्यांच्या मागची स्प्रिंग सैल पडली होती आणि ते ज्यावर घासतात त्या कम्युटेटरचे (फिरत्या दांड्यावरच्या तांब्याच्या कड्याचे) तांबे काळवंडले होते. त्याने बारीक पॉलिश पेपरने ते तांबे उजळले, नवे कार्बन बसवले, मोटर आणि भांडे यांना जोडणारा कपलरही बदलून दिला. जे यंत्र स्क्रू काढून उघडते आणि ज्याचे सुटे भाग वेगवेगळे मिळतात, ते जपावे असा माझा आग्रह आहे. आजही अशी यंत्रे बनतात; ती मुद्दाम निवडून घ्यायला हवीत.

एक्स्चेंजमध्ये दिलेल्या वस्तूची नीट विल्हेवाट लागते, असे आपण गृहीत धरले आहे. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि पुनर्चक्रीकरणाची जबाबदारी त्यांत उत्पादकांवर टाकलेली आहे. तरीही बराचसा माल अखेर भंगारात जातो, तिथे तांब्यासाठी वायरी जाळल्या जातात आणि तो धूर वस्तीतल्या माणसांच्या छातीत जातो. त्यामुळे वस्तू टाकायचीच असेल तर ती नोंदणीकृत संकलकाकडे जाईल, हे आपण स्वतः पाहावे.

जुन्या लॅपटॉपचाही आपण उल्लेख केला आहे. इंटरनेटला जोडलेल्या यंत्रांची गोष्ट निराळी आहे. विंडोज १० या संगणक-प्रणालीचा नियमित आधार (सुरक्षेचे अपडेट) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला; त्यावरून बँकेचे व्यवहार करणे टाळावे, इथे माझे आपल्याशी एकमत आहे.

आता आईंच्या मिक्सरविषयी. तो देण्याआधी एकदा उघडून बघाच. ठिणग्या कार्बनच्या टोकांपाशीच लहान व निळसर दिसत असतील, तर बहुधा कार्बनच झिजलेले आहेत आणि तो खर्च किरकोळ असतो. त्या कम्युटेटरभोवती गोल फिरत असतील आणि जोडीला वार्निश जळल्याचा वास येत असेल, तर आर्मेचर (मोटरचा तार गुंडाळलेला फिरता भाग) गेलेले असण्याची शक्यता जास्त. तशा वेळी रिवाइंडिंगचा खर्च विचारावा आणि तो नव्या मिक्सरच्या निम्म्या किमतीवर गेला, तर खुशाल नवा घ्यावा.