इनॅमल डायल म्हणजे पाचशे रुपयांचा रंग? नाही ओ

गेले काही दिवस तो एक मेसेज बेळगाव, खानापूर, निपाणी सगळीकडे फिरायलाय, तुम्हाला पण आला असेलच. वर दहा लाखांच्या घड्याळाचा फोटो आणि खाली मुद्दे: इनॅमल डायल म्हणजे साधा रंग, कुठलाही मेकॅनिक ५०० रुपयांत मारून देतो, हातानं केलेलं वगैरे सगळ्या थापा, मशीन छापतं, दोन वर्षांत पिवळं पडतं, आपल्या एचएमटीला पण हेच डायल होतं, ही कला मुळात जयपूरची, गोऱ्यांनी चोरली, आणि एवढं करून वेळ क्वार्ट्झपेक्षा, म्हणजे साध्या सेलवरच्या घड्याळापेक्षा, चुकीची दाखवतं. शेवटी "मराठी माणसा जागा हो". जागाच आहे बाबा, म्हणून तर लिहायलोय.

आधी रंगाचं. इनॅमल म्हणजे रंग नव्हेच, काच आहे ती. सिलिकाची काच, तिच्यात रंगासाठी धातूंचे ऑक्साईड घातलेले, निळ्याला कोबाल्ट वगैरे. ती खलात घोटून पीठ करायचं, पाण्यानं धुवून घाण काढायची, मग तांब्याच्या नाहीतर सोन्याच्या चकतीवर एक पातळ थर पसरायचा आणि साधारण ८०० डिग्रीच्या भट्टीत मिनिटभर ठेवायचं, की पीठ वितळून धातूला धरून बसलेली काच होते. आजीच्या घरात निळ्या काठाची पांढरी इनॅमलची ताटली असायची बघा, पडली की टवका उडून खालचं काळं लोखंड दिसायचं खरं पांढरा रंग कधी फिका पडला नाही, त्याच जातीतलं हे. मग ५०० रुपये कुठून आले? तर ते रिडायलचे. जुनं डायल घासून काढायचं, वर स्प्रे मारायचा आणि कंपनीचं नाव परत छापायचं, हे काम कमी पैशात होतं, जुनी घड्याळं विकणारे सर्रास करतात, आणि मेसेज लिहिणाऱ्यानं हे दोन्ही एकच धरलंय.

आता एक गोष्ट मात्र कबूल. बाजारात 'कोल्ड इनॅमल' म्हणून जे मिळतं ते भट्टी न बघितलेलं रेझिन नाहीतर लॅकर, म्हणजे व्हार्निशसारखा थर, असतं, आणि काही विक्रेते पुढचा 'कोल्ड' शब्द गिळून नुसतं इनॅमल सांगतात. स्वस्तातल्या पैंजणांवर मीना म्हणून जो हिरवा-लाल रंग भरतात आणि वापरून वापरून निघून जातो, तो पण बहुतेक असलाच. ओळखायचं असेल तर दहापटीची लूप, म्हणजे घड्याळजीचं भिंग, घ्या आणि डायलच्या मधोमध काटे बसतात त्या भोकाची कड बघा, भाजलेल्या इनॅमलची कड वितळून गोलसर झालेली असते, पृष्ठभाग पण अगदी सपाट नसतो, उजेड थोडा हलतो त्याच्यावर.

हातानं की मशीननं, हा मुद्दा बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यांतल्या माणसाला समजावून सांगायला फार वेळ लागू नये. फाउंड्रीत काम केलेल्याला ब्लो-होल म्हणजे काय ते माहीत आहे, जॉब वरून देखणा आणि मशीनिंगला घेतला की आत भोक, मग सगळी मेहनत स्क्रॅपमध्ये. डायलचं तसंच आहे, खरं इथं एकदा ओतून सुटका नाही. एक थर, भट्टी, थंड करणं, परत थर, परत भट्टी, असं अनेकदा, आणि दर वेळी धोका तोच. काचेत हवा अडकली तर बुडबुडा, धुळीचा कण पडला तर काळा ठिपका, आणि काच व तांबं गरम-थंड होताना सारखं फुगत-आकसत नाहीत म्हणून चकती वाकते नाहीतर चीर जाते. त्यावर उपाय म्हणून डायलच्या मागच्या बाजूला पण इनॅमल देतात, म्हणजे दोन्हीकडचा ताण एकमेकाला धरून राहतो, जी बाजू गिऱ्हाईक कधी बघणारच नाही तिच्यावर. त्यात प्रत्येक रंगाचं वितळायचं तापमान वेगळं, जास्त उष्णता लागणारा आधी भाजायचा आणि नाजूक शेवटी, आणि लाल तर फारच खोडकर, जरा जास्त झालं की काळपटतो. क्लॉझोने प्रकारात केसासारखी बारीक सोन्याची तार चिमट्यानं वाकवून आधी चित्राच्या रेषा बसवतात आणि मग एकेका कप्प्यात रंग भरतात. शाँलव्हेमध्ये तेच कप्पे धातू कोरून करतात. ॲनिटा पोर्शे म्हणून स्विस कलाकार आहेत, पाटेक फिलिपसारख्या घड्याळ कंपन्या त्यांच्याकडून डायल करून घेतात, आता हे 'छापलंय' म्हणायचं तर काय बोलायचं?

मशीन अजिबात नसतं असं पण नाही हं. खालची चकती प्रेसमध्ये कापतात, आकडे पुष्कळदा रबरी पॅडनं छापून मग भाजतात. तरी प्रत्येक भाजणीनंतर निवड करणारा डोळा माणसाचाच. स्वित्झर्लंडच्या ल लोक्ल गावातलं दोन्झे काद्रां हे डायल करणारं छोटं वर्कशॉप २०११ मध्ये युलिस नार्दँ या घड्याळ कंपनीनं सरळ विकत घेतलं, मशीननं भागलं असतं तर मशीनच घेतलं असतं की. आणि इनॅमल म्हणजे लाखांतच असंही काही नाही, सैको या जपानी कंपनीच्या प्रेसाज मालिकेतली इनॅमल डायलची घड्याळं हजार-बाराशे डॉलरच्या आसपास विकली गेलीत. म्हणजे दहा लाखांच्या घड्याळात सोनं आहे, आतल्या मशीनचं फिनिशिंग आहे आणि ब्रँडच्या नावाचा मोठा वाटा आहे. त्या वाट्यावर बोंब मारा, मी पण मारतो तुमच्याबरोबर, काचेला कशाला मधे घेता.

पिवळं पडतं म्हणे. पिवळं लॅकर पडतं, छपाई पडते. काचेतला रंग धातूच्या ऑक्साईडचा असतो, त्याला ऊन काय करणार? शंभर-सव्वाशे वर्षांची खिशातली स्विस घड्याळं बघा, मशीन गंजलेलं, केस झिजलेली आणि डायल पांढरंशुभ्र. १९१३ चं सैकोचं लॉरेल, जपानचं पहिलं मनगटी घड्याळ, त्याचं डायल पण इनॅमलचंच होतं. दोष आहे तो वेगळाच, काच असल्यामुळं आपटलं की तडकतं.

एचएमटीवर माझं पण प्रेम आहे, आपल्याच राज्यातली कंपनी, १९६१ ला सिटिझनच्या मदतीनं बेंगळुरात घड्याळं सुरू केली, पुढं तुमकुरात कारखाना, आणि २०१६ ला बंद. खरं त्यांच्या 'जनता' मॉडेलचं डायल म्हणजे पितळेच्या पत्र्यावर रंग आणि छपाई. म्हणूनच तर जुन्या जनतावर डाग आलेले दिसतात आणि म्हणूनच तिचं रिडायल होतं. चांगलं घड्याळ होतं, त्याला खोट्या इनॅमलची गरज नाही.

जयपूरच्या चोरीचं तर हसूच येतं. मीनाकारीचे, म्हणजे दागिन्यांवरच्या इनॅमलचे, कारागीर राजा मानसिंगानं लाहोरहून आंबेरला आणले असं जयपूरवालेच सांगतात, ते सोळाव्या शतकात. त्याच्या कितीतरी आधी बायझँटिनवाले, म्हणजे पूर्वेकडच्या रोमन साम्राज्यातले, क्लॉझोने करत होते आणि बाराव्या शतकात फ्रान्सचं लिमोज शाँलव्हेसाठी नावाजलेलं होतं. घड्याळावर इनॅमलची चित्रं काढायची रीत १६३० च्या सुमारास ज्याँ तूतँ या सोनारानं फ्रान्समध्ये बसवली आणि तिथून ती जिनिव्हात रुजली. जयपूरची मीनाकारी थोर आहे, त्यासाठी दुसऱ्याला चोर ठरवायला नको.

राहिली वेळ. हा मुद्दा एकदम बरोबर आहे आणि एकदम बिनकामाचा. स्विस क्रोनोमीटरची, म्हणजे अचूकतेची, चाचणी पास झालेलं मशीन दिवसाला ४ सेकंद मागं ते ६ सेकंद पुढं चालतं, साधं क्वार्ट्झ महिन्याला १५ सेकंदांच्या आसपास. खरं डायलचा वेळेशी काय संबंध? काटे कशावरून फिरतात ते मशीनला माहीत पण नसतं.

हे घ्या म्हणून मी कुणाला सांगत नाही, मी पण घेणार नाही, परवडतच नाही. एकच सांगणं, कुणाच्या घरी पेटीत आजोबांचं खिशातलं घड्याळ असेल आणि डायलवर बारीक चिरा दिसत असतील तर ते बहुतेक भाजलेलं इनॅमल आहे. मेकॅनिकला आधीच सांगून ठेवा, डायल काढताना स्क्रूड्रायव्हरनं उचकटायचं नाही, आणि चिरांवर ॲरल्डाइट भरायचं नाही. कोण रिडायल करून नवं करून देतो म्हणाला तर घड्याळ परत खिशात घाला आणि घरी या.