वाळवंट, कूलर आणि एक ब्रास रेती

मे महिन्यात नागपुरात दुपारी बर्डीवर जाऊ नये, गाडीच्या सीटवर फडकं टाकल्याशिवाय बसू नये, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. अ‍ॅक्रिलिकने वाळवंट रंगवू नये, हे मात्र कोणी सांगत नाही.

सोफ्याच्या वरची भिंत रिकामी होती. वाळवंटात झाडं नाहीत, माणसं नाहीत, म्हणजे हाताची बोटं काढायची भानगड नाही. बायको म्हणाली, “एवढ्या उन्हात वाळवंट काढून राहिले तुम्ही? बर्फाचा डोंगर काढा ना, पाहून तरी थंड वाटेल.” तसं पाहिलं तर नागपूर काही वाळवंट नव्हे. वर्षाला अडीचशे मिलिमीटरपेक्षा कमी पाऊस पडतो तिथे वाळवंट. आपल्याकडे हजाराच्या वर पडतो. पण हा हिशेब मे महिन्यात मांडणाऱ्याला लोक ऊन लागलं समजतात. २०२४ च्या मेअखेरीस शहरातल्या एका स्वयंचलित यंत्राने ५६ अंश दाखवले होते. सेन्सर बिघडला होता, असं हवामान खात्याने नंतर सांगितलं. आमच्या कॉलनीत अजून कोणाचा त्यावर विश्वास नाही. सगळ्यांचं म्हणणं, यंत्र बरोबर होतं, बाकीचीच बिघडली होती.

असो. अ‍ॅक्रिलिक म्हणजे रंगाची पूड आणि प्लॅस्टिकचे बारीक कण पाण्यात कालवलेले. पाणी उडून गेलं की हे कण एकमेकांना असे चिकटतात, की नंतर पाण्याला दाद देत नाहीत. व्हिडिओतले शिकवणारे गुरुजी कुठल्यातरी थंड देशातले. अंगात स्वेटर, खिडकीबाहेर धुकं. ते म्हणतात, क्षितिजाजवळची पिवळसर छटा ओली असतानाच वरच्या निळ्यात अलगद मिसळा. अलगद! इथे पिवळ्यातून निळ्याकडे ब्रश नेईपर्यंत पिवळा वाळून खडखडीत. निळा बुडवून परत येईस्तोवर ब्रशचे केस ताठ. आकाशात पट्टे दिसू लागले, ते पोराला कुठल्यातरी पक्षाचा झेंडा वाटले. त्यात हा रंग ओला असतो तेव्हा फिकट आणि वाळला की गडद. म्हणजे कालवलेली छटा आणि उमटलेली छटा यांची एकमेकींशी ओळखच नाही.

कूलर बंद ठेवला तर मी वाळतो, चालू ठेवला तर रंग. कूलरची हवा दमट असते हे मान्य, पण वाऱ्याच्या झोतापुढे दमटपणाचं काही चालत नाही. शिवाय वाळ्याच्या ताट्या नव्या, पंपाला जोर जास्त. एक शिंतोडा अर्धवट वाळलेल्या आकाशावर उडाला. पुसायला गेलो तर तिथला निळा निघून आला आणि राजस्थानात ढग आला. राहू दिला. बिचाऱ्या लोकांना तेवढीच आशा.

शेवटी कामी आला तो पोळ्यांचा डबा. तळाशी ओलं फडकं, त्यावर बटर पेपर, त्यावर रंग. खालून ओल लागत राहते, वर झाकण. यलो ऑकर (मातकट पिवळा) आणि बर्न्ट सिएना (विटकरी) त्यात दुसऱ्या दिवशीपर्यंत मऊ राहिले. पोळ्या स्टीलच्या ताटात उघड्यावर गेल्या आणि पापड झाल्या. त्यावरून घरात जे झालं, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

ब्रश जवळजवळ कोरडा करून कॅनव्हासवर नुसता घासला, की वाळूचे कण आपोआप उमटतात. टेकडीची धार तर अशी करकरीत आली, की गुरुजींच्या धुक्यात जन्मात येणार नाही. उजेडाच्या बाजूला ऑकर आणि पांढरा, सावलीत सिएनात थोडा अल्ट्रामरीन निळा. सावली जांभळट दिसली. मी खूश.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरचे भाऊ आले. बांधकामाची ठेकेदारी करतात. कमरेवर हात ठेवून बराच वेळ पाहिलं.

“कन्हानची वाटत नाही.”

“काय?”

“रेती. कन्हान नदीची एवढी लाल नसते. किती ब्रास आहे?”

जैसलमेरकडची आहे, म्हटलं. तर म्हणाले, “कुठलीही असो, सायेब, कोरडी रेती इतकी उभी राहतच नाही. घसरते.” मला कलावंताचं स्वातंत्र्य वगैरे सुचत होतं, पण माणूस आयुष्यभर ढिगाऱ्यांतच वावरलेला. पुस्तक काढून पाहिलं, तर तेही त्यांच्याच बाजूने. वारा येतो त्या बाजूचा चढ मंद, मागची उतरण साधारण ३४ अंशांवर थांबते, त्यापुढे वाळू कोसळते. माझी टेकडी साठावर उभी होती.

“चाला, दाखवतो,” म्हणाले आणि मला समोरच्या बांधकामावर घेऊन गेले. संध्याकाळचे सहा, तरी चपलेतून चटके. रेतीच्या ढिगातून ओंजळ उचलून त्यांनी वरून सोडली. ती सरसर घसरत एका उतारावर येऊन थांबली. पुन्हा सोडली, पुन्हा तिथेच. मीही ओंजळ भरली. मोबाइलवर फोटो काढले, कोन नीट दिसावा म्हणून खाली बसलो, सावलीचा रंग जुळवायला पिशवीतून सिएनाची ट्यूब काढली.

चौकीदार काठी घेऊन धावत आला. रात्री याच ढिगातून कोणी रेती नेतं म्हणे.

“काऊन भाऊ, पिशवीत काय हाय? दाखवा.”

भाऊंनी माझ्याकडे बोट केलं. “मी नाही, हे. घरी वाळवंट करून राहिले.”